मामांची टाकी

वीरभद्रप्पांना अर्धांगवायूचा झटका आला, त्याच दुपारी त्यांच्या सुनेनं, नागूबाईनं, दिवाणखान्यातल्या माशांच्या टाकीचं हवेचं यंत्र बंद केलं.

शहात्तर सालची शिवरात्र होऊन चारच दिवस झाले होते. डॉक्टर तपासून गेले होते. उजवं अंग गेलं, वाचा गेली, बाकी जिवाला धोका नाही, असं सांगून गेले. नागूबाईचा नवरा ईरप्पा औषधं आणायला शहरात गेला होता. बंगला अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्याच्या आवारातच. म्हाताऱ्याला वर न्यायचं तर जिना अरुंद, म्हणून कामगारांनी पलंग खाली दिवाणखान्यात आणून टाकीसमोर मांडला आणि ते मागांवर परत गेले. नागूबाई सासऱ्याच्या तोंडात चमच्यानं पाणी सोडत होती. निम्मं पाणी गालावरून उशीवर ओघळत होतं. तिनं चमचा ठेवला, पदराला हात पुसले, टाकीमागच्या भिंतीपाशी गेली आणि बटण दाबलं. पाच वर्षं चाललेली गुरगुर थांबली. पाण्यातले बुडबुडे आधी विरळ झाले, मग संपले.

ती वळली तेव्हा वीरभद्रप्पा तिच्याकडं बघत होते. तोंड वाकडं झालं होतं, पण डोळे पहिल्यासारखेच होते.

मासे मरायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी सगळे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड लावून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पट्ट्यांचे मासे कलले. समुद्रफुलं, म्हणजे खडकाला चिकटून फुलासारखे पसरणारे ते मऊ जीव, आक्रसून मांसाच्या गोळ्यांसारखी झाली. तिसऱ्या दिवशी वास सुटला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि नागूबाई ते पुसायची. ईरप्पानं एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "यंत्र बिघडलंय. आता ह्या गडबडीत कोण बघणार?"

"राहू दे," ईरप्पा म्हणाला.

पाचव्या दिवशी तिनं मेलेले मासे चाळणीनं काढले, मागच्या अंगणात पुरले आणि टाकीवर कारखान्यातली एक जाड चादर टाकली.

ही टाकी म्हणजे वीरभद्रप्पांचा जीव की प्राण. एकाहत्तर साली ते मालाच्या कामासाठी मुंबईला गेले, तिथं त्यांनी समुद्रातल्या माशांचं प्रदर्शन बघितलं आणि परत आले ते सोलापुरात समुद्र आणायचा, असं ठरवूनच. साडेपाच फूट लांब सागवानी चौकट करून घेतली, तिला जाड काचा बसवल्या. टॉवेल घेऊन रत्नागिरीला जाणारा ट्रक येताना समुद्राचं पाणी घेऊन यायला लागला. मालवणचा एक कोळी खडक, मासे, प्रवाळ पाठवायचा. कॉलेजातल्या एका मास्तरांनी सगळे नियम वहीत लिहून दिले. पाण्याचा खारटपणा मोजायला वीरभद्रप्पांनी दुधात पाणी किती ते तपासायची काचेची नळी वापरली, आणि ती बरोबर चालली. व्यापारी यायचे, साहेब लोक यायचे, टाकीसमोर खुर्च्या टाकून चहा प्यायचे. फक्त प्रवाळ काही जगायचा नाही. कितीही वेळा आणला तरी तीन-चार महिन्यांत पांढराफटक पडायचा. त्याचं त्यांना शल्य होतं. प्रवाळाचा विषय कुणी काढला की ते उठून जायचे.

टाकी त्यांची, पण राबायची नागूबाई. ती दुधनीची, कडक सोवळ्याच्या लिंगायत घरातली. गळ्यात लिंग, रोज पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा टाकी आली आणि सासऱ्यानं तिच्यासमोर बर्फातल्या कोळंबीची पाटी ठेवली. "बारीक चिर," म्हणाले, "तांदळाएवढी." नोकरांपैकी कुणी त्या कामाला हात लावायला तयार नव्हतं. तिनं रडत रडत चिरली. त्यानंतर स्वयंपाकघरात यायचं तर डोक्यावरून अंघोळ, हा नियमही त्यांनीच घातला. थंडीतसुद्धा.

एकदा तिनं टाकीत तांब्याच्या घागरीतलं पाणी ओतलं. तांबं त्या जिवांना विषासारखं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दोन दिवसांत सात समुद्रफुलं गेली. वीरभद्रप्पा ओरडले नाहीत. त्यांनी ती सात फुलं एका ताटलीत काढून जेवायच्या वेळी तिच्या ताटाशेजारी ठेवली आणि समोर पाट मांडून बसले. "जेव," म्हणाले. ईरप्पा शेजारीच जेवत होता. त्यानं मान वर केली नाही. ती ताटली आठ दिवस तिच्या ताटाशेजारी राहिली.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुधनीहून माणूस आला, की तिच्या आईचं काही खरं नाही, पोरीचं नाव घेतेय. दुधनी म्हणजे गाडीनं दीड तासाची वाट. वीरभद्रप्पा म्हणाले, "उद्या पाण्याचा ट्रक येतोय. पाणी बदल, मग जा." ट्रक एक दिवस उशिरा आला. तिनं पाणी बदललं, काचा घासल्या, आणि ती दुधनीला पोचली तेव्हा सगळे मातीला जाऊन परत आले होते. भावजयीनं तिला भाकरी वाढली. तिच्या हाताला टाकीचा वास येत होता. ती संध्याकाळच्या गाडीनं परत आली, कारण मासे उपाशी होते.

तर अशी ती टाकी. चादरीखाली चार महिने राहिली.

जूनच्या शेवटी वीरभद्रप्पांनी खाणं सोडलं. चमचा नेला की दात मिटायचे. डॉक्टर म्हणाले, "शरीर नाही, मन खचलंय. त्यांचा जीव कशात आहे, ते बघा." ईरप्पा उठला आणि त्यानं टाकीवरची चादर ओढली. काचेवर आतून लाल-काळी बुरशी चढली होती, पाणी निम्म्यावर आलं होतं, कडेनं मिठाचे थर जमले होते. सडलेल्या अंड्यासारखा वास खोलीभर पसरला. पलंगावरून आवाज आला. चार महिन्यांत म्हातारा पहिल्यांदा काहीतरी बोलू बघत होता.

"ही परत सुरू करता यील का?" ईरप्पानं बायकोला विचारलं.

नागूबाई काचेला नाक लावून आत बघत होती. बुरशीतून एक चीर मोकळी राहिली होती. तिथं, खडकाच्या पोटाला, शर्टाच्या बटणाएवढं एक समुद्रफूल होतं. तपकिरी, आक्रसलेलं. तिनं काचेवर नख वाजवलं, तेव्हा ते आणखी आत ओढलं गेलं. मेलं नव्हतं. तिला राग आला, आणि त्या रागातच कुठंतरी तिला ते जगवावंसं वाटलं.

"करते की," ती म्हणाली.

तिनं घाई केली नाही. पाणी आटून मीठ दाट झालं होतं, एकदम गोडं पाणी ओतलं असतं तर ते बटणाएवढं फूल जागीच फुटलं असतं. ती रोज दोन तांबे पाणी घालायची, तेही स्टीलचे. दर सकाळी काचेची नळी पाण्यात सोडून खारटपणाचा आकडा बघायची. आकडा जागेवर यायला बारा दिवस लागले. तोवर तिनं यंत्र उघडलं. आतलं रबर खरंच कडक होऊन चिरलं होतं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिनं नवं बसवलं. तळाची वाळू काळी पडली होती. रबरी नळी तोंडानं ओढून तिनं तो गाळ बादलीत उतरवला. दोनदा तोंडात आला, दोनदा ओकली, परत ओढायला लागली. लाल बुरशी ती जुन्या रेशनकार्डाच्या कडेनं खरवडायची आणि एकेक खपली कापडात झेलायची. जुनं पाणी सगळं टाकलं नाही, तिसरा हिस्सा विरजणासारखा ठेवला. मास्तरांच्या वहीत तसंच होतं: पाणी पिकू द्यावे.

ट्रकवरचा धुळाप्पा रत्नागिरीहून पाणी घेऊन आला. "वैनी, लोकं हसत्यात मला," तो कॅन उतरवताना म्हणाला. "समुद्राचं पानी सोलापूरला कशाला न्हेतो म्हनत्यात. मी सांगतो, आमच्या म्हाताऱ्याचं औषध हाय."

"बरोबर सांगतोस," नागूबाई म्हणाली.

आणि औषध खरंच लागू पडत होतं. यंत्र सुरू झालं त्या दिवशी वीरभद्रप्पांनी वाटीभर पेज घेतली. ते दिवसभर तिच्या हातांकडं बघत असायचे. ती चुकली तर घशातून आवाज काढायचे. एकदा तिनं वाळू न धुता टाकायला घेतली तेव्हा डाव्या हाताची बोटं उशीवर आपटली. तिनं वाळू धुतली. त्यांचं बरोबर होतं.

दुपारी दोन ते चार घरात कुणी नसायचं. ईरप्पा कारखान्यात, मोलकरीण आपल्या घरी. श्रावणातल्या अशाच एका दुपारी ती स्टुलावर चढून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून खडक रचत होती. पाठमोरीच सासऱ्याला म्हणाली, "मामा, यंत्र बिघडलं नव्हतं. मीच बंद केलं होतं."

तिनं एक खडक वाळूत दाबून बसवला.

"तुमी बघितलंत म्हणा. पण तुमाला वाटलं असंल, सुनेला घाबरल्या घाबरल्या काही सुचलं नसंल, चुकून हात लागला असंल. तसं न्हाय. मी विचार करून केलं. तीन दिवसांत केव्हाबी चालू करता आलं असतं."

ती उतरली, हात पुसले आणि पलंगापाशी आली. वीरभद्रप्पांनी डावा हात उचलला, पण तो कोपराच्या वर गेला नाही. नागूबाई हात छातीवर येऊन पडेपर्यंत बघत राहिली. मग तिनं चादर सारखी केली.

त्यानंतर तिला त्या दुपारची ओढ लागली. हे तिचं तिलाच नवं होतं. आठ वर्षांत ह्या घरात तिनं मोजून वाक्यं बोलली होती. आता ती रोज एक गोष्ट सांगायची. आई गेली त्या दिवशी गाडीत शेजारच्या बाईनं वासामुळं जागा बदलली, ते सांगितलं. ताटलीतली फुलं सहाव्या दिवशी कशी दिसायची, ते सांगितलं. तुमच्या पोराला तुमी कधी माणूस होऊ दिलं न्हाय, हेही सांगितलं. आवाज चढवायची नाही. खडक लावता लावता, काचा पुसता पुसता बोलायची. म्हातारा डोळे मिटायचा, तेव्हा ती थांबायची आणि त्यांनी डोळे उघडले की पुढं सुरू करायची.

नारळी पौर्णिमेनंतर मालवणच्या होड्या समुद्रात गेल्या आणि भाद्रपदात धुळाप्पानं ओल्या पोत्यात गुंडाळलेले खडक आणले. चार पट्ट्यांचे मासे, दोन निळे, एक खेकडा, आणि मुठीएवढा प्रवाळ. ते जुनं बटणाएवढं फूल आता रुपयाएवढं पसरलं होतं. मासे आले म्हणजे कोळंबी आली. नागूबाई आता न रडता चिरायची. तांदळाएवढी.

पहिल्या दिवशी तिनं माशांना घातलं आणि घड्याळात बघितलं, तर मामांच्या जेवणाची वेळ झाली होती. ती मोरीकडं निघाली आणि मध्येच थांबली. मग तशीच स्वयंपाकघरात गेली, दुधात भाकरी कुस्करली आणि पलंगावर बसून त्याच बोटांनी घास त्यांच्या तोंडाशी नेला.

वीरभद्रप्पांनी उभ्या जन्मात अंडंसुद्धा शिवलं नव्हतं. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी मान फिरवली. फिरवता येत होती तेवढीच, डावीकडं. तिचा हात तिकडं गेला.

"मामा, जेवा," ती म्हणाली.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. ईरप्पा काळजीत पडला. "परत खाणं सोडलं का काय अप्पांनी?"

"मी प्रयत्न करतेय की," नागूबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी भुकेपुढं त्यांनी हार खाल्ली. घास आत गेला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि नागूबाईला आत कुठंतरी गार वाटलं. रात्री मात्र तिला आपल्या हातांची शिसारी आली. तिनं ते राखेनं घासले, शिकेकाईनं घासले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा न धुता भरवलं.

दसऱ्यापर्यंत टाकी बघत राहावी अशी झाली. मागच्या शेडमधले कामगार जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी येऊन उभे राहायचे. वीरभद्रप्पाही सुधारले. डावा हात खांद्याच्या वर जायला लागला, आणि एक दिवस ईरप्पा समोर बसलेला असताना त्यांनी बोट नागूबाईवर रोखलं. मग टाकीमागच्या बटणावर. पुन्हा तिच्यावर. घशातून घोगरा आवाज काढत, घामाघूम होत, त्यांनी हे चार वेळा केलं.

"तुझं कौतुक करतायत," ईरप्पा म्हणाला. "म्हणतायत, हिनं टाकी चालू केली. पाया पड."

नागूबाई पाया पडली. वाकली असताना डावा हात तिच्या डोक्यावर जोरात आदळला. ईरप्पा हसला. "आशीर्वादसुद्धा बघ कसा देतायत."

ती दचकली होती. तिला पहिल्यांदाच कळलं, की म्हाताऱ्याला जगवता जगवता आपण त्याला बोलायच्या वाटेवर आणून सोडलंय.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी पाटी-पेन्सिल आणायला सांगितली. डाव्या हाताला वळण लागंल, म्हणाले. वीरभद्रप्पांची शाळा कानडीत झालेली, ईरप्पा-नागूबाईचीही. पहिले आठ दिवस नुसत्या रेघोट्या आल्या. मग गोल यायला लागले. कानडी लिपी गोलांचीच, त्यामुळं त्यातलं अक्षर कुठलं आणि रेघोटी कुठली, हे कळायचं नाही. नागूबाई रोज संध्याकाळी ईरप्पा यायच्या आत पाटी पुसून ठेवायची. म्हातारा तिला पुसताना बघायचा आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात करायचा. त्यांच्या चिकाटीचं तिला नवल वाटायचं. पाच महिन्यांपूर्वी लाल बुरशी खरवडताना आपण अशाच होतो, असं तिच्या मनात आलं आणि तिनं ते झटकून टाकलं.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी ईरप्पा दुपारीच घरी आला. नागूबाई कोळंबीचं पाणी टाकायला मागं गेली होती. ती परत आली तेव्हा ईरप्पा पलंगाच्या कडेला पाटी हातात घेऊन बसला होता. वीरभद्रप्पांची नजर मुलाच्या चेहऱ्यावर खिळली होती. तिनं दारातूनच वाचलं. अक्षरं वाकडीतिकडी, पण स्पष्ट होती. कानडीत लिहिलं होतं, "यंत्र हिनं बंद केलं. मासे मारले."

तिचे हात ओले होते. ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

ईरप्पानं पाटी बराच वेळ धरली. मग शर्टाची बाही तळव्यावर ओढली आणि पाटी पुसली. एकदा पुसून पांढरट राहिली, म्हणून थुंकी लावून पुन्हा पुसली. "अप्पा, झोपा आता," तो म्हणाला. "दमलात."

म्हाताऱ्याच्या घशातून जो आवाज आला, तसा आवाज नागूबाईनं आधी कधी ऐकला नव्हता. ईरप्पा उठून मागच्या अंगणात गेला. ती त्याच्या मागं गेली. शेडमधून मागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळं दोघांना जवळ उभं राहून बोलावं लागलं.

"तुमी वाचलं न्हाय का?" तिनं विचारलं.

"वाचलं." तो नळाच्या कट्ट्यावर बसला. "मला ठाऊक होतं. त्या दिवशी औषधं घेऊन आलो तेव्हाच बघितलं. बटण बंद होतं. यंत्र बिघडलं असतं तर बटण कशाला कोण बंद करंल?"

"मग चालू का न्हाय केलं?"

"अप्पा माझ्याकडं बघत होते," ईरप्पा म्हणाला. "मी बटणाकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि औषधाच्या बाटल्या मांडत बसलो." मग म्हणाला, "तुझी आई गेली तेव्हा मी काही बोललो नव्हतो. म्हटलं, आता ह्यावेळी पण नको बोलूया."

नागूबाई त्याच्याकडं बघत राहिली. आठ वर्षांत ह्या माणसानं तिची पहिल्यांदाच बाजू घेतली होती, आणि ती अशी. तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिला त्याची किळस आली, आणि त्या किळसेत तिनं स्वतःलाही धरलं. दुपारी दोन ते चार काय चालतं, हेही ह्याला ठाऊक असणार. कोळंबीचा वास ह्यालाही आला असणार. ह्यानं बापाला तिच्या हवाली केलं होतं, देणं फेडल्यासारखं, आणि स्वतः हात झाडून कारखान्यात जाऊन बसला होता.

"अप्पांना मागच्या खोलीत हलवूया," ईरप्पा म्हणाला. "मला ते असं बघत बसलेले सोसत न्हाय."

दुसऱ्या दिवशी पलंग मागच्या खोलीत गेला. तिथं खिडकी एकच, तीही शेडच्या भिंतीकडं. ईरप्पा त्या खोलीत सकाळी एकदा दारापर्यंत जायचा. पाटी कुठं गेली ते कुणी विचारलं नाही. नागूबाई आता हात स्वच्छ धुऊन भरवायची. गोष्टी सांगणं तिनं थांबवलं होतं, कारण सांगण्यातली गोडी गेली होती. संक्रांतीला ती माहेरी चार दिवस राहिली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. धुळाप्पाला टाकीचं सगळं समजावून गेली. आली तेव्हा टाकी लख्ख होती आणि मामांच्या पाठीला तळव्याएवढी जखम झाली होती. चार दिवसांत त्यांना कुणी कुशीवर वळवलं नव्हतं. धुळाप्पा म्हणाला, "वैनी, मला टाकीचंच सांगितलं होतं की." ईरप्पानं कारखान्यात काम होतं, एवढंच सांगितलं. नागूबाईनं जखम धुतली, हळद भरली. म्हातारा कण्हलासुद्धा नाही.

सत्त्याहत्तरच्या मार्च महिन्यात एका सकाळी ती टाकीचा आकडा बघत होती, तेव्हा तिला प्रवाळाच्या कडेला काहीतरी दिसलं. आधी वाटलं, घाण अडकलीय. तिनं भिंग आणलं. नखाएवढी नवी वाढ होती. कोवळी, फिकट हिरवी, आणि तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढी चार तोंडं उघडलेली. सहा महिने होऊन गेले होते आणि तिचा प्रवाळ पांढरा पडला नव्हता, उलट वाढत होता. वीरभद्रप्पांना पाच वर्षांत जे जमलं नाही, ते तिला जमलं होतं.

तिनं ईरप्पाला बोलावून दाखवलं. "छान आहे," तो म्हणाला आणि घड्याळ बघून गेला. धुळाप्पाला दाखवलं. त्याला ते दिसलंच नाही. ती दोन दिवस घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिली. ह्या एवढ्याशा हिरव्या कडेचा अर्थ काय, तो सबंध सोलापुरात एकाच माणसाला कळला असता, आणि तो मागच्या खोलीत होता.

तिसऱ्या दिवशी तिनं धुळाप्पाला आणि आणखी एका कामगाराला बोलावलं. मामांना हाताच्या खुर्चीत बसवून, धोतराच्या पट्टीनं छातीशी बांधून दोघांनी उचललं आणि दिवाणखान्यात आणलं. खुर्ची खाली ठेवली तर मान टाकीच्या कडेखाली जात होती, म्हणून तिनं ती उचलूनच धरायला सांगितली. प्रवाळ बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर आला. वीतभर अंतर.

"मामा, प्रवाळ वाढलाय," ती म्हणाली. "बघा की."

वीरभद्रप्पांनी डोळे मिटले होते. दाराच्या आत येतानाच मिटले होते.

"तुमाला कधी आला न्हाय तो. हा आलाय. कडेला बघा, चार तोंडं हायत."

पापण्या हलल्या नाहीत. त्यांचा डावा हात आता चांगला उचलायचा, पण तोही मांडीवर नुसता पडून होता. टाकीचा निळसर उजेड चेहऱ्यावर पडला होता. यंत्राची गुरगुर चालू होती, ती त्यांना ऐकू येत असणार. ओठ मात्र घट्ट मिटलेले होते. वाकडं झालेलं तोंड त्यांनी सगळा जोर लावून सरळ धरलं होतं.

"मामा, डोळे उघडा," नागूबाई म्हणाली. मग हळू आवाजात, धुळाप्पाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "एकदाच. परत न्हाय सांगणार."

"वैनी, हात भरून आलं," धुळाप्पा म्हणाला. "किती येळ धरायचं?"

तिनं पुढं होऊन अंगठ्यानं त्यांची एक पापणी वर केली. आत बुबुळ वर गेलेलं, नुसतं पांढरं दिसलं. तिनं हात काढला. पापणी मिटली.

"न्या परत," ती म्हणाली.

वीरभद्रप्पा त्यानंतर अकरा दिवस जगले. त्या अकरा दिवसांत त्यांनी तिच्या हातचं सगळं खाल्लं, औषध घेतलं, पण ती खोलीत आली की डोळे मिटायचे आणि ती गेल्यावरच उघडायचे. मातीला निम्मी सोलापूरची पेठ आली होती. सुनेनं वर्षभर लहान मुलासारखं सांभाळलं, असं सगळे ईरप्पाला सांगत होते आणि ईरप्पा मान हलवत होता. परत आल्यावर पाहुणे दिवाणखान्यात टाकीसमोर बसले. कुणीतरी चहा मागितला. मासे दुपारपासून उपाशी होते, म्हणून नागूबाई आधी कोळंबी चिरायला बसली.